मासा कधी गेला, ते आधी सांगा

घरी टँकमध्ये मासे पाळणाऱ्यांकडून मला येणारे मेसेज साधारण एकाच साच्यातले असतात. आधी फोटो: टिश्यूपेपरवर ठेवलेला मासा, डोळा पांढरा पडलेला, पर मिटलेले. खाली प्रश्न, "ताई, हा कशाने गेला असेल? कुठलं औषध टाकू?"

फोटोवरून मला काडीचंही कळत नाही. मेलेल्या माशाचा डोळा पांढरा होतोच. कोमट पाण्यात काही तास पडून राहिला की अंगावर पांढुरकी साय धरते, रंग उतरतो, टँकमध्ये गोगलगायी असल्या तर त्या पोटाकडून खायला लागतात. हे सगळं मेल्यानंतरचं. त्यावरून रोगाचं नाव काढायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

म्हणून मी उलटतपासणी सुरू करते. टँक लावून किती दिवस झाले? मासा रात्री ठीक होता आणि सकाळी मेलेला सापडला, की डोळ्यांदेखत गेला? पाणी शेवटचं कधी बदललं, किती बदललं? एकच गेला की सगळे एकदम? समोरच्याला वाटतं मी टाळाटाळ करतेय. पण माझं काम पॅथॉलॉजी लॅबमधलं. नमुना उपाशीपोटी घेतला की जेवणानंतर, हे माहीत नसेल तर साखरेच्या आकड्याला काही अर्थ नसतो. माशांचंही तेच आहे. छोट्या टँकमधले बहुतेक मृत्यू रोगाने होत नाहीत, पाण्याने होतात. आणि पाणी कसं बिघडलं हे 'कधी' या प्रश्नाच्या उत्तरातून निम्म्याहून जास्त वेळा कळतं.

सगळ्यात सोपं उत्तर पहिल्या दोन दिवसांतल्या मृत्यूचं. मासा आणला, टँकमध्ये सोडला आणि दुसऱ्या दिवशी गेला, तर रोग हा शब्द काढूच नका. तापमानातला फरक, नळाच्या पाण्यातला क्लोरीन, नाहीतर पिशवीतला प्रवास, या तिघांपैकी कोणीतरी असतं. क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं, त्यात एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडला तर क्लोरीन उडून जातो. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, आणि ते असं नुसतं ठेवून जात नाही. त्यासाठी डीक्लोरिनेटरचे थेंब लागतात. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते लगेच काम करतं. क्लोरामाइन फोडल्यावर मागे थोडा अमोनिया उरतो, हे मात्र लक्षात ठेवायचं.

पिशवीची गोष्ट जरा गमतीची आहे. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) खाली येतो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात असतो. आपण पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर सरकतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे लांबून आलेल्या माशांची पिशवी उघडून ठेवायची आणि थेंबथेंब पाणी घालत तासभर 'सवय' करायची, ही पद्धत मला पटत नाही. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगू द्यायची, तापमान सारखं झालं की उघडायची, टँकचं थोडं पाणी दोन-तीनदा घालायचं, आणि जाळीने मासा उचलून आत. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये. त्या पाण्याचा टँकशी काही संबंध येता कामा नये.

आता खरा घोळ. टँक लावून आठ-दहा दिवस झालेत, सगळं छान चाललंय, आणि मग एकेक मासा जायला लागतो. मला येणाऱ्या मेसेजपैकी सगळ्यात जास्त याच खात्यातले.

माझ्या मावसभावाचं असंच झालं. दोन फुटी टँक, नवाकोरा. साठ गुणिले तीस गुणिले तीस सेंटिमीटर म्हणजे कागदावर चौपन्न लिटर. खडी, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी चाळीस-पंचेचाळीस. त्यात पहिल्याच दिवशी डझनभर मासे: गप्पी, निऑन टेट्रा, दोन एंजल, आणि 'काच साफ करायला' एक सकर. मी गेले तेव्हा निऑन निम्म्यावर आले होते आणि एक एंजल वरच्या कोपऱ्यात तोंड वर करून पाण्याची साय चाटल्यासारखा श्वास घेत होता. भाऊ म्हणाला, "पण पाणी बघ ना, किती स्वच्छ आहे."

पाणी होतंच स्वच्छ. पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं असतं. मी पाणी तपासायचं किट काढलं, नळीत पाच मिलिलिटर पाणी घेतलं, दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले, हलवलं आणि पाच मिनिटं थांबलो. अमोनिया नसेल तर माझ्या किटमध्ये पाणी पिवळं राहतं. याचं आधी पोपटी झालं, मग हिरवं, आणि शेवटी रंगपट्टीवरच्या चार पीपीएमच्या (लिटरमागे चार मिलिग्रॅम) चौकोनाला जाऊन भिडलं. भाऊ नळी उजेडात धरून बराच वेळ बघत होता. त्याच्या डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते पहिल्यांदाच दिसत होतं.

मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो, चोवीस तास. उरलेलं खाणं, विष्ठा, सडलेलं पान यातूनही तोच तयार होतो. नदीत, तलावात तो वाहून जातो, विरघळून नगण्य होतो. चाळीस लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? त्याला खाणारे जिवाणू लागतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य, ते आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर वस्ती करतात आणि त्यांचा वेग भयंकर कमी असतो. आमच्या लॅबमध्ये वाढणारे आतड्यातले जिवाणू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात; यांना त्याच कामाला अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. म्हणून नवा टँक 'पिकायला' चार ते सहा आठवडे जातात. पाणी भरून, फिल्टर लावून दोन दिवस नुसतं चालू ठेवल्याने काही पिकत नाही. अमोनियाच नसेल तर त्यांनी खायचं काय?

थोडं विषयांतर करते. नायट्राइट खाणारे जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं कित्येक वर्षं मत्स्यपालनाच्या पुस्तकांत छापलं जायचं. १९९८ साली टिमथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमधले जिवाणू डीएनएवरून तपासले, तेव्हा तिथे हे काम करणारे निघाले नायट्रोस्पायरा गटातले. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराच असे सापडले की जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात. हे सांगण्याचं कारण इतकंच की बाटलीतले जिवाणू विकत घेताना लेबलवर काय लिहिलंय ते वाचावं. आणि बाटली ओतली म्हणून किट कपाटात ठेवू नये. त्यापेक्षा कोणाच्या तरी निरोगी जुन्या टँकमधला मळका स्पंज मिळाला तर तो सोन्यासारखा. ओला ठेवून तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये घालायचा.

भावाच्या टँकमध्ये आम्ही त्याच संध्याकाळी निम्मं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी परत निम्मं. निम्मं बदललं की अमोनिया निम्मा होतो, शून्य नाही, हे गणित लोक विसरतात. एकदा पाणी बदलून दुसऱ्या दिवशी मासा मेला की म्हणतात पाणी बदलून फरक पडत नाही. चारचे दोन झाले, दोनचा एक. तरी एक म्हणजेही जास्तच. खाणं दोन-तीन दिवस पूर्ण बंद. भाऊ कळवळला. पण धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. त्याचं शरीर आपल्यासारखं ऊब टिकवण्यात इंधन जाळत नाही.

भावाने आठवड्याने फोन केला. "अमोनिया उतरलाय, तरी मासे वर येऊन धापा टाकतायत." मला तो फोन येणारच होता. आता पाळी नायट्राइटची. पहिला गट कामाला लागलेला असतो, दुसरा अजून झोपेत. नायट्राइट रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करून टाकतं, आणि ते ऑक्सिजन धरू शकत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर, एअर पंप जोरात, तरी मासा आतून गुदमरतो. नुकत्याच गेलेल्या माशाचं कल्ल्यावरचं झाकण हलकेच उचलून पाहिलंत तर लालभडकऐवजी चॉकलेटी झाक दिसते. मरणोत्तर तपासणीत माझा भरवसा ज्या थोड्या खुणांवर आहे त्यातली ही एक, आणि तीही मासा ताजा असेल तरच. यावर साधा उपाय मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटशी स्पर्धा करतो आणि त्याला आत शिरू देत नाही. दहा लिटर पाण्याला एक ग्रॅम साधं मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून, हळूहळू. इतक्या मिठाने वनस्पती मरत नाहीत. नायट्राइट त्याने जात नाही, माशाला फक्त वेळ मिळतो. पाणी बदलणं चालूच ठेवायचं.

या काळात लोक जे करतात ते बघून माझा जीव जातो. निळं औषध, पिवळं औषध, मग दुकानदाराने 'सगळ्यावर चालतं' म्हणून दिलेलं तिसरं. मिथिलीन ब्लूसारखी औषधं आणि बरीचशी प्रतिजैविकं फिल्टरमधल्या जिवाणूंनाही सोडत नाहीत. म्हणजे अमोनियाने मासा मरत होता, आपण अमोनिया खाणाऱ्यांनाच मारलं, आता आणखी मासे मरणार आणि आपण आणखी औषध टाकणार. मी स्वतः मुख्य टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट मोजल्याशिवाय औषधाची बाटली उघडत नाही. दोन्ही शून्य आले तरच रोगाचा विचार.

खरोखर रोग आहे असं कुठे म्हणायचं? जिवंत माशावर. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणजे इक, तो ओळखायला सोपा: अंगावर आणि परांवर रव्याचे दाणे पेरल्यासारखे दिसतात, मासा दगडाला अंग घासतो. ते ठिपके म्हणजे कातडीखाली दडलेला परजीवी, आणि तो तिथे असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. तो खाली गळून पडतो, तळाशी फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात, आणि ती नव्या माशाला चिकटायच्या आत औषधाच्या तावडीत सापडतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध थांबवायचं नसतं. मात्र, खवले उभे राहून मासा वरून देवदाराच्या फळासारखा दिसायला लागला, तर आतले अवयव गेलेले असतात. तेव्हा फार आशा धरण्यात अर्थ नाही.

पहाटेचे मृत्यू हे वेगळं प्रकरण. रात्री सगळे ठीक, सकाळी दिवा लावला तर मोठे मासे आधी गेलेले, छोटे वरच्या थरात गोळा. उन्हाळा असेल किंवा टँकमध्ये वनस्पतींचं जंगल असेल तर मी ऑक्सिजनवरच बोट ठेवते. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला साडेसातच. वर माशाची गरज उष्णतेने वाढलेली. वनस्पती दिवसा ऑक्सिजन देतात, पण अंधार झाला की त्याही घेऊ लागतात. सगळ्यात कमी पातळी उजाडायच्या जरा आधी. लोक रात्री आवाज नको म्हणून एअर पंप बंद करून झोपतात, नेमकं तेव्हाच. बुडबुड्यांतून फार ऑक्सिजन विरघळत नाही. काम होतं ते बुडबुड्यांनी पृष्ठभाग हलतो म्हणून. फिल्टरचं तोंड जरा वर करून पाण्याची कातडी सतत मोडत ठेवली तरी चालतं. पंप टँकच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून टँक जमिनीवर उतरतो. वीज बरेच तास गेली असेल तर बंद डब्याचा फिल्टर परत चालू करण्याआधी उघडून वास घ्या. सडका वास आला तर आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टँकच्या पाण्यात खळबळून मगच लावा.

आता माझ्या मते सगळ्यात फसवा प्रकार: पाणी बदलल्यावर मासे मरणं. याच्यामुळे 'पाणी बदलू नये' असं शास्त्रच काही लोकांनी तयार केलंय.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीच्या आजोबांकडे जुना टँक आहे. मासे धडधाकट, पानं हिरवीगार. आजोबांची तक्रार एवढीच की नवा मासा टाकला की दुसऱ्या दिवशी मरतो. "अगं, मी यात कधी ढवळाढवळ करत नाही. आटलं तेवढं पाणी वरून भरतो, तेही आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी." एवढं ऐकल्यावर मला पीएचची नळी हवी होती. आकडा किटच्या तळाला लागला, सहा किंवा त्याहून खाली.

याचं कारण असं. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. पाण्यातले कार्बोनेट ते आम्ल शोषतात, म्हणजेच पाण्याचा केएच (कार्बोनेटच्या साठ्याचं माप) पीएच सांभाळतो. आजोबा वर्षानुवर्षं आटलेलं पाणी शुद्ध केलेल्या पाण्याने भरत होते, ज्यात कार्बोनेट जवळजवळ नसतातच. साठा संपला, पीएच कोसळला. इतक्या खाली आलेल्या पीएचला जिवाणूंचं काम मंदावतं, थांबतंही. अमोनिया साठू लागतो, पण त्या आम्ल पाण्यात तो अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. जुने मासे या घसरणीबरोबर हळूहळू घसरत गेलेले, म्हणून जिवंत. नवा मासा साडेसातच्या पाण्यातून थेट सहाच्या पाण्यात पडतो आणि आटोपतो.

आणि मग एके दिवशी घरातला कोणीतरी उत्साही माणूस "किती घाण झालंय पाणी" म्हणून ऐंशी टक्के पाणी बदलतो. ताज्या पाण्याने पीएच झटक्यात वर जातो आणि साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. पंचवीस अंशाला पीएच सात असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, आठ झाला की पाच टक्क्यांच्या वर. दहापट. वर्षानुवर्षं टिकलेले मासे एका दुपारीत जातात आणि दोष येतो स्वच्छ पाण्यावर.

आजोबांना मी सांगितलं, "आजोबा, एकदम नका बदलू. रोज दोन मग काढा आणि दोन मग साधं, क्लोरीन काढलेलं पाणी घाला." त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या दृष्टीने टँक उत्तम चालला होता. त्यांनी मला विचारलं, "मग इतके दिवस हे मासे जगले कसे?" प्रश्न रास्त होता. मासा फार वाईट पाण्यातही तग धरतो, फक्त ते हळूहळू वाईट व्हावं लागतं. काही आठवड्यांत पीएच सातच्या जवळ आला, जिवाणू परत कामाला लागले आणि त्यानंतरचे नवे मासे टिकले.

पाणी बदलण्याच्या दिवसाशी जोडलेलं आणखी एक कारण तपासायचं: त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली, साबण लावून, पांढरा होईपर्यंत धुतला का? बहुतेक वेळा उत्तर "हो, अगदी नव्यासारखा केला" असं अभिमानाने येतं. ती घाण नव्हती, ती वस्ती होती. स्पंज काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा पिळायचा, बस. फाटेपर्यंत बदलायचा नाही. पाकिटावर 'दर महिन्याला कार्ट्रिज बदला' लिहिलेलं असतं ते कार्ट्रिज विकणाऱ्याच्या सोयीचं आहे.

सगळे मासे एकाच संध्याकाळी, तासा-दोन तासांत, वेडेवाकडे पोहत, झटके देत, उलटेपालटे होत गेले तर मी टँककडे बघतच नाही, खोलीकडे बघते. डासांचं यंत्र कुठे लावलंय? झुरळांवर फवारणी झाली का? खोलीला रंग दिला का? डास मारायच्या द्रवांत आणि फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटाची रसायनं असतात. माणसाचं यकृत ती भराभर फोडतं. माशांना ते नीट जमत नाही, आणि कल्ले ती पाण्यातून चटकन ओढून घेतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम म्हणजे पुष्कळ. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, त्यामुळे टँकवर झाकण असून उपयोग नाही. फवारणी करायचीच असेल तर पंप बंद, टँकवर ओलं जाड कापड, आणि खोली पूर्ण हवेशीर झाल्यावरच पंप चालू. लागण झालीच तर मोठं पाणी बदल आणि फिल्टरमध्ये ताजा अॅक्टिव्हेटेड कार्बन. हातावर क्रीम, सॅनिटायझर लावून टँकमध्ये हात घालणारेही याच यादीत येतात.

शेवटी राहतात ते महिन्या-दोन महिन्यांनी एखादा जाणारे. यात पाण्याचे सगळे आकडे चांगले येतात आणि लोक हैराण होतात. इथे मी माशांची यादी मागते. मोली आणि गप्पींना जड, क्षारांचं पाणी मानवतं. मऊ आम्लधर्मी पाण्यात ते जागच्या जागी डोलत, झिजत जातात. फायटर माशाच्या लांब परांना टायगर बार्ब कुरतडतात. तो दिवसेंदिवस कोपऱ्यात लपतो, खात नाही, मग जातो, आणि मालक बुरशीचं औषध आणतो. एंजल वाढला की निऑन त्याच्या तोंडात मावतो. निऑन 'गायब' झाला असेल तर फार शोधू नका. गोल्डफिशचा तर विषयच नको. दहा-पंधरा वर्षं जगू शकणारा, वीतभर वाढणारा, भरपूर खाऊन भरपूर घाण करणारा मासा काचेच्या गोल भांड्यात ठेवायची कल्पना ज्याला सुचली त्याला मासा जिवंत ठेवण्यात रस नसावा. आणि गप्पी मुळात दोनेक वर्षांचाच सोबती. दुकानात भरगच्च शेपटीचा, पूर्ण रंगलेला नर घेता तेव्हा त्याच्या आयुष्याचा बराच भाग आधीच सरलेला असतो. त्याचा मृत्यू हा नेहमीच कोणाचा तरी गुन्हा असतो असं नाही.

सगळं संपलं, टँक रिकामा झाला, तर पहिली ऊर्मी होते ती सगळं बाहेर काढून, गरम पाण्याने, जंतुनाशकाने घासून चकचकीत करण्याची. इक असल्याची खात्री असली तरी त्याची गरज नसते. इकचा परजीवी माशाशिवाय कोमट पाण्यात दोन-तीन आठवड्यांत संपतो. विषारी फवाऱ्याचा संशय असेल तर मात्र सगळं धुवा. एरवी फिल्टर चालूच ठेवा, रोज चिमूटभर खाणं टाका म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळत राहील, आणि किट हाताशी ठेवा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट मात्र थोडं तरी, असे तिन्ही आकडे लागोपाठ काही दिवस आले की टँक तयार. मग दोन-तीनच मासे आणा. पुढचे आणण्याआधी दोन आठवडे थांबा, कारण तेवढ्याच माशांपुरती वस्ती तयार झालेली असते. दुकानदार म्हणेल की जोडीला हेही न्या, छान दिसतील. छान दिसतीलच. पंधरा दिवसांनीही तितकेच छान दिसतील.

आणि टँकच्या बाजूला एक स्वस्तातली वही ठेवा. पाणी कधी बदललं, काय नवं टाकलं, कोण कधी गेलं, एवढंच लिहायचं. मला मेसेज कराल तेव्हा माशाचा नाही, त्या पानाचा फोटो पाठवा.